वायर कुठल्या खांबावरनं येते?

बेळगावात शहापूर-वडगावकडच्या एखाद्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मान वर केली, तर आभाळाच्या आधी वायरी दिसतात. हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या खांबावर सगळ्यांत वर विजेच्या तारा. त्यांच्याखाली थोडं अंतर सोडून केबल टीव्हीची जुनी, करंगळीएवढी जाड काळी वायर, आणि तिला बिलगून इंटरनेटच्या पाच-सहा चपट्या, बारीक ड्रॉप केबली. खांबाच्या मध्यावर प्लास्टिकचे दोन-तीन डबे, त्यांतल्या एखाद्याचं झाकण उघडंच. आणि कुठेतरी सायकलच्या टायरएवढं वायरीचं वेटोळं, सुतळीने बांधून लोंबकळत ठेवलेलं.

बेळगावात नवं घर घेतलेला माणूस विचारतो, ‘नेट कुठलं घेऊ?’ त्याला उत्तरात कंपनीचं नाव हवं असतं, पण नाव सांगून भागत नाही. एकाच कंपनीची लाईन टिळकवाडीच्या एका रस्त्यावर वर्षभर कुरकुर करत नाही आणि दोन चौक ओलांडले की आठवड्याला बसते, असं होऊ शकतं. जाहिरात कंपनीची असते. तुमच्या भिंतीपर्यंतचे शेवटचे दोन-तीनशे मीटर गल्लीचे असतात. त्या दोन-तीनशे मीटरांत कोण हात घालतो, खांबावर कुठला डबा आहे, वायर कुठल्या रस्त्यावरून लोंबते, यावर घरातलं सुख अवलंबून. म्हणून ‘कुठली कंपनी?’ याच्या आधीचा प्रश्न आहे: वायर कुठल्या खांबावरनं येते?

आधी कागदावरचा हिशेब उरकून घेऊ, कारण त्यात फार दम नाही. फायबरच्या स्वस्त योजना गेली काही वर्षं ठरलेल्या आकड्यांभोवती फिरतायत: जिओचे ३९९ रुपयांत ३० एमबीपीएस आणि ६९९ त १००, एअरटेलचे ४९९ त ४०. या आकड्यांवर १८ टक्के जीएसटी चढतो. म्हणजे ३९९ चे ४७१ होतात, ४९९ चे ५८९ आणि ६९९ चे ८२५. ‘अमर्याद’ म्हणजे महिन्याला ३,३०० जीबी. रोजचे ११० जीबी झाले. चांगल्या चित्राचा व्हिडिओ तासाला दोन-तीन जीबी खातो, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मिळून दिवसाचे चाळीसेक तास बघितलं तर ही मर्यादा संपेल. ती विसरून जा. वेगाचंही तसंच. एचडी चित्राला ५ एमबीपीएस लागतात, फोरके म्हटलं तरी २५ पुरतात. चार माणसांच्या घराला ३० ते ५० एमबीपीएस भरपूर. ‘शंभरचा प्लॅन घेतला तरी फिरतंच राहतंय’ ही तक्रार बहुतेक वेळा प्लॅनची नसते. ती वायफायची, नाहीतर खांबाची असते.

खांबावरचा तो डबा जवळून बघण्यासारखा आहे. आत स्प्लिटर असतो. बोटभर लांबीचा तुकडा, त्याला वीज लागत नाही. एका बाजूने एक काचतंतू आत शिरतो, दुसऱ्या बाजूने आठ बाहेर पडतात. प्रकाश आठ ठिकाणी वाटला की प्रत्येक वाट्याला साधारण साडेदहा डेसिबल कमी येतो. ही वाटणी बहुधा दोनदा होते, एकदा त्या भागाच्या तोंडाशी आणि एकदा गल्लीत. आठ आठे चौसष्ट, म्हणजे एका तंतूवर ६४ घरं. केंद्रातून प्रकाश निघताना +३ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं माप) आसपास असतो असं धरा. दोन वाटण्यांत २१ गेले. चार किलोमीटर तंतूत सव्वाएक गेला. चार ठिकाणच्या जोड-टोपणांनी दीड-पावणेदोन घेतले. तुमच्या घरात पोचतात ते उणे २१. घरातल्या डब्याला मानकाप्रमाणे उणे २७ पर्यंत दिसायला हवं, पण उणे २५ ओलांडलं की लाईन अधूनमधून आपोआप पडायला-उठायला लागू शकते. म्हणजे उणे २१ वर बसवलेल्या जोडणीच्या हाती शिल्लक चार डेसिबल. त्यातले तीन गेले तर प्रकाश निम्मा झाला.

हे चार डेसिबल कसे उधळले जातात ते गल्लीत बघायला मिळतं. वायरीच्या टोकाला टोपण असतं. हिरवं किंवा निळं. हिरव्याचं तोंड आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. घाईत हिरव्याला निळं जोडलं तर ते बसतं, चालतंही, पण दोन्ही काचांच्या मधे फट राहते आणि तीन-चार डेसिबल तिथेच सांडतात. हिरव्याला हिरवं, निळ्याला निळं, हे घरबसल्या तपासता येतं. दुसरं, कपाटामागे दाबलेली वायर. कपाट भिंतीला सरकवताना ती काटकोनात दुमडली की प्रकाश कोपऱ्यातून बाहेर निसटतो. वळण लहान वाटीच्या गोलाईपेक्षा घट्ट नको. तिसरं म्हणजे टेपचा जोड. वायर तुटल्यावर यंत्राने वितळवून जोडली तर दशांश डेसिबलही जात नाही. पण यंत्र महाग, ते दुसऱ्या गल्लीत अडकलेलं, म्हणून हाताने बसवायचा जोड लावून वर काळी टेप गुंडाळतात. मार्च-एप्रिलमध्ये असा जोड झकास चालतो. मृगाचा पाऊस टेपमध्ये शिरला की आत्याबाईची सिरियल ऐन मोक्याला थांबते.

म्हणून जोडणी करायला माणूस येईल तेव्हा त्याच्या हातातलं पॉवर मीटर मागून बघावं. ‘किती आलं हो?’ एवढंच विचारायचं. उणे १५ ते उणे २२ असेल तर उत्तम. उणे २४ असेल तर चहा पाजून खांबावरचं टोपण पुसून परत लावायला सांगावं. धुळीचा एक कण पुरतो, पुसायला स्पिरिटचा बोळा लागतो, पाच मिनिटांचं काम. मग आलेला आकडा तारखेसकट राउटरच्या मागच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ म्हणण्यापेक्षा ‘उणे २० होतं, आता उणे २६ झालंय’ म्हटलं की पलीकडच्या माणसाचा आवाज बदलतो. पुष्कळ राउटरांच्या आतल्या पानावरही हा आकडा दिसतो: ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, डब्याच्या तळाशी चिकटवलेला पासवर्ड घालायचा आणि पॉन स्टेटस बघायचं. काही कंपन्या ते पान बंद ठेवतात, मग मीटरच.

दिव्यांची भाषाही ओळखीची हवी. एकही दिवा नाही: अॅडॉप्टर गेला, केबलवाल्याला बोलावू नका, १२ व्होल्टचा दुसरा लावून बघा. ‘लॉस’चा लाल दिवा: प्रकाशच येत नाही, वायर तुटली किंवा टोपण निघालं. ‘पॉन’ स्थिर हिरवा आहे आणि तरी नेट नाही: वायर ठीक आहे, घोळ लॉगिनचा, बिलाचा किंवा वरच्या यंत्रणेचा. फोनवर हे सांगता आलं तर माणूस शिडी घेऊन यायचं की नाही ते ठरवून निघतो. एरवी त्याची ती ठरलेली ओळ असतेच: ‘येऊलालोय की ओ, वाटेतच हाय.’

घरात शिरताना वायर कशी शिरते याकडे सहसा कुणी बघत नाही. भिंतीचं भोक आतून बाहेर उतरतं पाडावं, आणि वायर भोकाच्या खाली वीतभर झोका देऊन मग वर आणावी. पाऊस वायरीवरून ओघळतो तो झोक्याच्या तळाशी गळून पडतो. झोका नसेल तर तो सरळ भिंतीत आणि तिथून राउटरच्या फळीवर. जून ते सप्टेंबर बेळगावात काय होतं ते सांगायला नको.

आता भिंतींबद्दल. जांभ्या दगडाच्या दीड फुटी भिंती उन्हाळ्यात घर गार ठेवतात आणि बाराही महिने वायफाय अडवतात. शहापूर, खासबाग, वडगावातली विणकरांची घरं आगगाडीच्या डब्यासारखी एकामागे एक: सोपा, माजघर, मागे माग. वायर पुढून येते म्हणून राउटर सोप्यात बसतो आणि मागच्या खोलीतली मुलगी वर्गाच्या वेळी सोप्यात येऊन उभी राहते. पाच गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण अशा दोन भिंतींत दमते. २.४ ची जरा लांब जाते, पण तिचा वेग तीस-चाळीसवर अडतो. स्वस्त जोडणीबरोबर येणारा डबा कित्येकदा फक्त २.४ चा असतो आणि त्याची लॅनची, म्हणजे वायर जोडायची भोकंही शंभर एमबीपीएसवर न जाणारी. त्यावर दीडशेचा प्लॅन घेणं म्हणजे लोट्याने घागर भरताना नळ आणखी मोठा सोडणं. उपाय एकच आणि स्वस्त. सोप्यातल्या डब्यापासून माजघरापर्यंत कॅट-सिक्सची लॅन वायर ओढायची आणि तिथे दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट करून, म्हणजे त्याच जोडणीचं वायफाय तिथून देईल असा, ठेवायचा. तारेविना सिग्नल पुढे ढकलणारे रिपीटर अशा घरात उपयोगाचे नाहीत. ते वेग निम्मा करून पुढे देतात. मागाच्या खोलीत राउटर ठेवायचाच झाला तर उंचावर ठेवा, आणि महिन्याला त्याच्या जाळीतला कापसाचा तूस ब्रशने झाडा. तापून तापून बंद पडणाऱ्या डब्याचं कारण बहुतेकदा हेच.

विजेची बाब याहून खोल आहे. घरचा डबा आठ-दहा वॉट खातो. बाजारात मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस, आत ८,८०० एमएएचच्या बॅटऱ्या, हिशेबाने ३२ वॉट-तासांचा. गळती धरून अडीच तास चालतो. घेताना अॅडॉप्टरवरचा आकडा बघा. डब्याला दीड-दोन अॅम्पिअर लागत असतील आणि यूपीएस एकच देत असेल तर दिवे लागतात, नेट लागत नाही. पण खरा प्रश्न तुमच्या घराबाहेरचा आहे. मोठ्या कंपन्यांची जीपॉन रचना केंद्रापासून घरापर्यंत वीज मागत नाही, मधले स्प्लिटर नुसती काच. काही छोट्या केबलवाल्यांची मात्र गल्लीतल्या कुणाच्या तरी गच्चीवर किंवा दुकानात स्विच ठेवून पुढे वायरी वाटलेल्या असतात. त्या दुकानाचा फ्यूज गेला की तुमचा यूपीएस शोभेचा. जोडणी घेण्याआधी सरळ विचारा: ‘मधे कुठे करंट लागतो का?’ उत्तर देताना माणूस अडखळला तर समजून घ्या.

असं असूनही छोट्या केबलवाल्याला सरसकट मोडीत काढू नये. त्याची माणसं त्याच गल्लीत राहतात, रविवारी सकाळी शिडी लावतात, आणि बिलाचे पैसे न्यायला दारात येतात तेव्हा तोंडावर सुनावता येतं. त्याची कमजोरी दुसरीकडे असते: वरून तो जेवढी बँडविड्थ विकत घेतो तेवढीच वाटतो. ग्राहक वाढले आणि खरेदी तीच राहिली की रात्री आठ ते अकरा चाक फिरत राहतं. आणि स्पीड टेस्ट मात्र झकास दाखवते, कारण चाचणीचा सर्व्हर जवळचा असतो, यूट्यूबचा साठाही त्याच्या जवळ असतो. म्हणून नुसती स्पीड टेस्ट नको. एखादी मोठी फाईल लांबच्या सर्व्हरवरून उतरवून बघा, एखादा व्हिडिओ कॉल लावा, तेही रात्री नऊला, तीन वेगवेगळ्या दिवशी, आणि वायफायवर नाही, लॅनची वायर लावून.

बीएसएनएलच्या फायबरबद्दल लोक दोन टोकांची मतं देतात आणि दोन्ही खरी असतात. पुष्कळ ठिकाणी वायर ओढणं आणि दुरुस्ती स्थानिक भागीदाराकडे असते, बिल बीएसएनएलचं. भागीदार उत्साही असेल तर खानापूर तालुक्यातल्या आडगावीही लाईन तासाभरात उठते. नसेल तर टिळकवाडीत बसूनही दिवस मोजावे लागतात. तेव्हा बीएसएनएल घेताना ‘आमच्या भागात भागीदार कोण?’ हे विचारून त्याचा नंबर घ्या, मगच फॉर्मवर सही.

गल्लीचे शत्रू ऋतुप्रमाणे बदलतात. निपाणी-चिक्कोडीकडे आणि बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून, उसाचा डोंगर रचून गाड्या कारखान्याकडे निघतात. रस्ता ओलांडणारी वायर खाली झुकलेली असली की उसाच्या शेंड्यांत अडकते आणि गाडी थांबेपर्यंत तीन खांबांवरचे हूक उपटले जातात. अशा रस्त्यालगतच्या घराने वायर रस्ता ओलांडून येते का, एवढं बघावं. आपल्याच बाजूच्या खांबावरून येणारी दुसरी कंपनी शंभर रुपये महाग असली तरी परवडते. शहरात गणपती विसर्जन आणि शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. चित्ररथांपुढे मंडळाची पोरं बांबूच्या आकड्यांनी वायरी उचलत चालतात. ज्या सैल असतात त्या वर जातात, ज्या ताणून बांधलेल्या असतात त्या तुटतात. मिरवणुकीच्या मार्गावरच्या घरांनी वायरीला ढील ठेवायला सांगावं. बाकी रस्ते खणण्याचं काय बोलावं. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं. तेव्हापासून एका बाजूला चकाचक रस्ता आणि दुसऱ्या बाजूला जेसीबी, हे दृश्य अंगवळणी पडलंय. जमिनीखालची वायर पावसाला भीत नाही, जेसीबीला भिते. आणि ती तुटली की जोडायला खांबावरच्या वायरीपेक्षा जास्त वेळ लागतो.

टीव्हीची गोष्ट वेगळी, आणि सीमाभागात तर फारच वेगळी. इथे कंपनीचा संगणक तुमचा पिनकोड विचारतो. शहराचे ५९० ने सुरू होतात, जिल्ह्यातले ५९१ ने. तो टाकला की पडद्यावर कर्नाटक उमटतं आणि पॅकेज कन्नडचं पुढे येतं. यात कुणाचा कावा नाही. यंत्र राज्य ओळखतं, घर ओळखत नाही. कन्नड वाहिन्या घरात लागतातच, पोरांच्या शाळेला, शेजाऱ्यांशी गप्पा मारायला, आणि कन्नड सिरियली बघणाऱ्या मराठी आज्या गल्लोगल्ली सापडतील. पण कन्नड पॅक घेऊन वर झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी एकेक सुट्या चढवल्या की बिल फुगतं. उलट करावं: मराठी पॅक पायाला घ्यायचं आणि दोन-तीन कन्नड वाहिन्या सुट्या. फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या सुट्या निवडण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि तो बेळगावातही तितकाच आहे जितका कोल्हापुरात. फोनवरच्या माणसाने ‘तुमच्या भागात हे पॅक नाही’ म्हटलं तर ‘मग सुट्या वाहिन्या लावा, मी नावं सांगतो’ म्हणावं. मराठी वृत्तवाहिन्या बहुतेक फुकट किंवा काही पैशांच्या असतात. त्यांच्यासाठी मोठं पॅक घेण्याची गरज नाही.

बिलातलं दुसरं कलम म्हणजे एनसीएफ, वाहिन्या घरापर्यंत आणण्याचं भाडं. २०१९ मध्ये शंभर वाहिन्यांना १३० रुपये, करासकट १५३ रुपये ४० पैसे अशी मर्यादा होती. २०२० मध्ये तेवढ्याच पैशांत दोनशे वाहिन्या झाल्या. जुलै २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, मर्यादाच उठवली. त्यामुळे आता हे भाडं प्रत्येकाचं वेगळं, आणि तुलना करायची तर पॅकच्या किमतीची नव्हे, शेवटच्या बेरजेची. दुसऱ्या टीव्हीचं भाडं किती हे वेगळं विचारा. गल्लीतल्या केबलवाल्याचं एक पारडं मात्र जड आहे: गावातलं कुस्तीचं मैदान, मिरवणूक, निधनाची बातमी त्याच्या स्थानिक वाहिनीवर दिसते. छत्रीवाल्या कुणाकडेही ते मिळत नाही.

छत्री म्हणजे डीटीएच. हिच्या बाबतीत गल्ली नाही, गच्ची बघायची. सगळे उपग्रह आपल्या आग्नेयेला आहेत, पण एका रांगेत नाहीत. टाटा प्लेचा ८३ अंश पूर्वेला. बेळगावातून बघितलं तर तो दक्षिणेकडून जरासा पूर्वेला आणि जवळजवळ ६९ अंश उंच, म्हणजे माथ्याच्या खालीच. डीडी फ्री डिशचा ९३.५ अंशांवर, उंची साधारण ६१. एअरटेलचा १०८.२ अंशांवर, तो बराच पूर्वेकडे आणि ४७ अंशांवर. शेजाऱ्याचा नारळ किंवा नवी उठलेली तीन मजली इमारत पूर्व-आग्नेयेला असेल तर हाच आधी अडतो. तबकडी बघून अंदाज बांधू नका. ती समोर बघतेय असं वाटतं, पण तिची खरी नजर दिसते त्याहून वीस-पंचवीस अंश वर असते.

पावसात चित्र जातं म्हणून डीटीएचला नावं ठेवतात, पण कुठल्या पावसात जातं ते बघावं. एप्रिल-मेचा वळीव, टपोरे थेंब, काळाकुट्ट ढग: दहा-वीस मिनिटं सगळ्यांचंच चित्र जातं, इलाज नाही. आषाढातली रिपरिप आठवडाभर चालली तरी चित्र जायला नको, कारण लहर शोषली जाते ती पावसाच्या जोराने, त्याच्या दिवसांनी नाही. रिपरिपीत चित्र तुटत असेल तर तबकडी हललेली आहे किंवा तिच्या तोंडावरच्या एलएनबीच्या (सिग्नल पकडणारा छोटा डबा) जोडात पाणी शिरलंय. बोल्ट गंजून सैल होतात, वानरं गच्चीवर आली तर तबकडीला लोंबकळतात. एलएनबीचा जोड रबरी टोपणाखाली असावा आणि वायरीचा झोका इथेही हवाच.

वायरही नको, गल्लीही नको म्हणणाऱ्यांसाठी एअरफायबर आहे. गच्चीवर एक पांढरा डबा, टॉवरकडे तोंड करून, आत राउटर. जिथे फायबर आलेलंच नाही तिथे, नव्या लेआउटमध्ये किंवा कंग्राळी-हिंडलग्याच्या कडेला, ही सोय खरी आहे. दोन गोष्टी आधी तपासा. गच्चीवरून टॉवर दिसतो का. आणि महिन्याची मर्यादा किती. ती फायबरसारखी ३,३०० नसून बहुधा १,००० जीबी असते, म्हणजे रोजचे ३३. दोन टीव्ही रोज सहा-सहा तास नेटवर चालले तर ती कडेला लागते. शिनोळीच्या बाजूला, जिथे फोन कधी कर्नाटकाचा टॉवर धरतो कधी महाराष्ट्राचा, तिथे डबा बसवणाऱ्याला तासभर थांबवून घ्यावं आणि सिग्नल एकाच टॉवरवर स्थिर राहतो का ते बघूनच पैसे द्यावेत. कणकुंबी-जांबोटीकडच्या घाटात मात्र यातलं काही गृहीत धरू नका. तिथे गच्चीवरची फ्री डिश आणि जो फोन लागेल तो, एवढंच खात्रीचं.

टीव्ही आणि नेट एकाच बिलात देणारी जोडी स्वस्त पडते. त्यात एक पेच आहे. टीव्हीही नेटवरूनच येत असेल तर उसाच्या एका ट्रॉलीने दोन्ही जातात. वळिवाने डीटीएच वीस मिनिटं जातं, तुटलेली वायर दोन दिवस. माझं मत विचाराल तर नेट फायबरचं आणि टीव्ही छत्रीचा. पैसे वाचवायचे असतील तर मराठी सिरियली त्यांच्या त्यांच्या अॅपवर आणि गच्चीवर फ्री डिश. ती दोनेक हजारांत एकदाच बसते, महिन्याचं भाडं नाही, सह्याद्रीही लागतं आणि दूरदर्शनचं कन्नड चंदनाही. खाजगी मराठी वाहिन्या तिथे लिलावातून येतात-जातात, त्यांच्या भरवशावर घेऊ नका.

निवडायची वेळ आली की आपल्याच खांबावरून जोडणी घेतलेली तीन घरं गाठा. वेग विचारू नका. ‘जुलैत किती दिवस बंद होतं आणि माणूस कधी आला?’ हे विचारा. पहिल्यांदा एकाच महिन्याचे पैसे भरा. सहा महिन्यांचे एकदम भरले की जोडणी फुकट म्हणतात, पण ते पैसे अडकले की तुमचा आवाज बारीक होतो. डबा भाड्याचा की विकतचा, ठेव परत कधी, हे पावतीवर लिहून घ्या. बिघाडाची तक्रार नोंदवली की नंबर टिपून ठेवा. ठरल्या मुदतीत काम झालं नाही तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्रायकडे एकेकट्याची तक्रार पाठवून उपयोग नाही, ते काम त्यांचं नाही.

आणि जुनी जोडणी सोडताना डबा परत केल्याची पावती घ्याच, पण वायरही काढून न्यायला सांगा. ती कुणी काढत नाही. गल्लीच्या तोंडाशी दिसणाऱ्या त्या वायरींतल्या कित्येक अशाच, घर बदलून गेलेल्यांच्या, कधीच अंधारलेल्या. नवी तुटली की त्या गुंत्यात ती शोधायला दोन माणसं लागतात. एक तुमच्या खिडकीशी उभा राहून वायर हलके ओढतो, दुसरा शिडीवर हात पुढे करून वायरींवर बोटं ठेवून थांबतो.

‘ओढ बघू.’

‘ओढलो.’

‘परत ओढ... ही न्हवं. आता?’

‘ओढलो की ओ.’

‘हां, हलली. हीच.’